कारागोझला नीट ऐकू येत नाही, म्हणून

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही दक्षिण जर्मनीत राहतो. इथल्या समाजकेंद्रात तुर्की लोकांचा कारागोझ हा सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ पाहिला. जर्मन, तुर्की, अरब, सगळे हसत होते. अशा खेळाने परदेशात आलेल्या लोकांत आणि तिथल्या लोकांत खरंच पूल बांधला जातो, की तो सणासुदीचा एक आयटम असतो? आणि आमच्या मराठी मंडळातल्या मुलांसाठी पिंगुळीच्या बाहुल्या घेऊन असं काही करता येईल का?"

बहुतेक वेळा आयटमच असतो. हे आधीच सांगून टाकतो. गेली अठरा-वीस वर्षं मी जर्मनीत या पडद्यामागे उभा राहतोय आणि त्यातले निम्मे प्रयोग भाषणं आणि बकलावा यांच्या मधल्या अर्ध्या तासात उरकले आहेत. लोक टाळ्या वाजवतात, रंगीत चामड्याचे फोटो काढतात, खाऊन घरी जातात. उरलेल्या निम्म्यांत मात्र असं काही घडताना पाहिलंय की हा नाद सुटत नाही. फरक कशाने पडतो ते सांगतो, पण त्यासाठी जरा मागून यावं लागेल.

कारागोझ म्हणजे 'काळ्या डोळ्यांचा'. अडाणी, बेकार, तोंडाळ, भुकेला माणूस. त्याचा शेजारी हाजिवात: टोकदार दाढी, थोडं शिकलेला, चार लोकांत ऊठबस असलेला. दंतकथा अशी की चौदाव्या शतकात बुर्सा शहरात सुलतान ओरहानच्या मशिदीचं बांधकाम चाललं होतं. तिथे हे दोघे कामाला होते, एक लोहार, एक गवंडी. यांच्या गप्पा ऐकायला बाकीचे मजूर हत्यारं खाली ठेवून बसायचे. काम रखडलं, सुलतानाने दोघांना मारवलं आणि मग पस्तावला. तेव्हा शेख कुश्तेरी नावाच्या माणसाने पडद्यावर त्यांच्या सावल्या नाचवून त्याचं मन रमवलं. आजही खेळाच्या पडद्याला 'कुश्तेरीचं मैदान' म्हणतात. इतिहास वेगळं सांगतो. इजिप्तच्या इब्न इयास या इतिहासकाराने लिहून ठेवलंय की 1517 मध्ये सुलतान सलीमने कैरो जिंकल्यावर तिथे सावल्यांचा खेळ पाहिला आणि खेळवाल्याला इस्तंबूलला चल म्हणाला. मला दंतकथा जास्त आवडते, कारण तिच्यात दोन मजुरांच्या बडबडीने सरकारी काम अडतं.

बाहुल्या उंटाच्या चामड्याच्या. हल्ली वासराचंही चालतं. चामडं केस काढून, तासून तासून इतकं पातळ करायचं की मागे दिवा धरला तर तूपकागदासारखं उजळलं पाहिजे. मग 'नेवरेगान' नावाच्या टोकदार सुरीने कापायचं आणि बारीक भोकं पाडायची. ही भोकं पडद्यावर उजेडाच्या रेघा होतात. शेवटी रंग. म्हणजे पडद्यावर पडते ती काळी सावली नसते, रंगीत काचेच्या खिडकीसारखं चित्र असतं. उंची साधारण 35 ते 40 सेंटिमीटर. काठी बाहुलीच्या अंगात आडवी, पडद्याशी काटकोनात खुपसलेली. माझ्या उस्तादाने बुर्सामध्ये पहिले तीन आठवडे मला हातात बाहुली दिलीच नाही. फक्त काठी धरून मनगट फिरवायचं. चौथ्या आठवड्यात बाहुली आली आणि पहिल्याच फेऱ्यात मी हाजिवातला पाठमोरा चालवला.

खेळवाल्याला म्हणतात 'हयाली'. हा आपला ख्यालच. अरबीतून तिकडे गेला तो खेळात शिरला, आपल्याकडे आला तो गाण्यात. हयाली एकटा सगळ्यांचे आवाज काढतो. शेजारी 'यार्दाक' असतो, तो डफ वाजवतो, गातो, पुढची बाहुली हातात देतो. खेळाचे भाग चार. आधी प्रस्तावना: हाजिवात गात गात येतो, देवाचं नाव घेतो आणि 'मला एखादा दोस्त मिळू दे' असं आळवतो, तेवढ्यात उजवीकडच्या घरातून कारागोझ त्याच्या अंगावर उडी मारतो. मग 'मुहावेरे', म्हणजे दोघांची जुगलबंदी. हिंदीतला मुहावरा तोच. मग 'फासिल', म्हणजे मुख्य नाटक. शेवटी छोटासा निरोप: 'बोलताना जीभ घसरली असेल तर माफ करा'.

पुलाची सगळी गोष्ट त्या मुहावेरेत आहे. हाजिवात बोलतो दरबारी तुर्की, फारसी-अरबी शब्दांनी लगडलेली. कारागोझला त्यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून तो प्रत्येक शब्दाचा रस्त्यावरचा, खाण्यापिण्याचा नाहीतर चावट अर्थ लावतो. बहिरा नाही तो. त्याला त्या भाषेत कुणी शिकवलेलंच नाही. चारशे वर्षं प्रेक्षक हेच बघून हसत आले: साहेबी भाषा आणि ती न कळणारा माणूस, आणि न कळण्यातून शेवटी साहेबी भाषेचीच होणारी फजिती.

परक्या देशात पहिल्या दिवशी सरकारी कचेरीत गेलेल्या माणसाची अवस्था याहून वेगळी असते का? म्हणून मी कुणाला 'कारागोझ स्थलांतरितांसाठी जुळवून घ्या' असं सांगत नाही. तो मुळातच त्यांचा आहे. कुश्तेरीच्या मैदानात कोण कोण येतं बघा: काळ्या समुद्राकाठचा लाझ, तो घडाघडा बोलतो आणि दुसऱ्याचं ऐकतच नाही, अल्बेनियन माळी, फारसी व्यापारी, कायसेरीचा वाणी, अरब, आर्मेनियन, ज्यू, ग्रीक, डोंगरातून आलेला ताडमाड लाकूडतोड्या, युरोपियन डॉक्टर. प्रत्येकाचं येण्याचं गाणं वेगळं, तुर्की मोडण्याची तऱ्हा वेगळी. जुनं इस्तंबूल पोटासाठी आलेल्या लोकांचं शहर होतं आणि हा खेळ त्या शहराच्या गल्लीतला आहे. आणखी मागे जा. अरबी सावल्यांच्या खेळाच्या सगळ्यात जुन्या ज्या संहिता शिल्लक आहेत त्या इब्न दानियालच्या, तेराव्या शतकातल्या. तो मूळचा मोसुलचा. मंगोल स्वाऱ्यांच्या काळात गाव सुटलं आणि कैरोला येऊन डोळ्यांची वैद्यकी करता करता त्याने ही नाटकं लिहिली. निर्वासितच की.

जर्मनीत तुर्की मजूर आले ते 30 ऑक्टोबर 1961 च्या करारानंतर. इस्तंबूलच्या सिर्केजी स्थानकातून गाडी सुटायची आणि म्युनिकच्या अकरा नंबरच्या फलाटावर रिकामी व्हायची. 1973 च्या नोव्हेंबरात भरती थांबली. पण आलेल्यांपैकी बरेच जण परत गेले नाहीत, त्यांनी बायकामुलं बोलावून घेतली, आज तिसरी-चौथी पिढी आहे. घर सोडून दूर राहण्याला तुर्कीत 'गुर्बेत' म्हणतात. आपला 'गरीब' त्याच धातूचा, मूळ अर्थ परका.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण कार्यक्रम ठरवणारे जर्मन आयोजक हमखास तो करतात. कारागोझ ही 'त्यांच्या गावाकडची लोककला' नव्हे. हा शहरी खेळ, मुख्यतः इस्तंबूलच्या कॉफीखान्यातला, रमजानच्या रात्रींचा. कारखान्यांत आलेले बरेच जण अनातोलियाच्या खेड्यांतले. त्यांच्यापैकी अनेकांनी जन्मात पडदा पाहिला नव्हता, ऐकला होता तो रेडिओवर. सावल्यांचा खेळ आणि रेडिओवर! हसू नका, जमतो. खेळ कानांचाच आहे.

हे मला ज्या दिवशी कळलं तो प्रसंग सांगतो. एका वस्तीतल्या केंद्रात मुलांचं शिबिर होतं. तुर्की घरातला बारा वर्षांचा मुलगा कारागोझ करत होता. एरवी तो तुर्की बोलायचाच नाही, विचारलं की जर्मनमध्ये उत्तर द्यायचा. पडद्यामागे मात्र बोलला. सगळीकडे होतं हे: तोंड दिसत नाही, चुकलं तर चामड्याचं चुकलं. पण आवाज असा काढत होता की जसा काही वर्गात धडा वाचतोय. तालमीला तिसऱ्या रांगेत त्याचे आजोबा बसले होते, ओतकाम करणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झालेले. दहा मिनिटं गप्प राहिले आणि मग बसल्या जागेवरून असा काही खरखरीत, घसा ताणलेला, कानाला ओरखडे काढणारा कारागोझ काढला की माझा यार्दाक डफ वाजवायचा विसरला. रेडिओवर ऐकलेला आवाज, पन्नास वर्षं आत ठेवलेला. नातू पडद्याच्या कडेने डोकावून बघत राहिला. म्हणाला, "परत." आजोबांनी परत काढला. मग उठून मागे आले आणि "बाहुली कशी धरायची ते तू दाखव" म्हणाले. पुढचा तास त्या दोघांचा होता. मी चहा करायला गेलो.

तुम्ही विचारलेला पूल तुर्की आणि जर्मन लोकांमधला. माझा अनुभव असा की पहिला पूल घरातल्या घरात बांधला जातो. तो बांधल्याशिवाय दुसरा टिकत नाही, नुसती सजावट होते.

आता दुसऱ्या पुलाकडे. सुरुवातीला मी जुन्या संहिता जर्मनमध्ये करून बघितल्या. साफ पडल्या. शब्दांचा खेळ दुसऱ्या भाषेत नेला की फक्त शब्द उरतात. मग एकदा पडद्यावर जर्मन अक्षरं टाकली. त्याहून वाईट! सगळ्यांचे डोळे अक्षरांवर, बाहुल्यांकडे कुणी बघेना, आणि वाचणारे वाक्य पुरं व्हायच्या आधीच हसून मोकळे. ज्यांना तुर्की येत होतं ते त्यांच्या हसण्यावर चिडले. त्यानंतर अक्षरं कायमची बंद. उपाय खेळातच होता: भाषांतर करू नका, दोन्ही भाषा एकमेकींना चुकीच्या ऐकू द्या.

जर्मनमध्ये पैशाला 'गेल्ट' म्हणतात. तुर्कीत 'गेल्दी' म्हणजे आला, आली. मुलांसाठी सरकार जे पैसे देतं ते 'किंडरगेल्ट'. तर आमचा मुहावेरे असा चालतो:

हाजिवात: अरे, अर्ज भर, तुला किंडरगेल्ट मिळेल.
कारागोझ: किंडर गेल्दी? मुलं आली? किती आली?
हाजिवात: मुलं नाही रे, गेल्ट!
कारागोझ: तेच म्हणतोय, गेल्दी! आली तर आली, दारात काय उभी केलीस? बायको, मसुरीत पाणी वाढव!

दुसरं 'बिट्टे'. जर्मन माणूस खिडकीपाशी 'बिट्टे' म्हणतो, म्हणजे 'हं, बोला'. तुर्कीत 'बित्ती' म्हणजे संपलं. कारागोझ दोन तास रांगेत उभा राहतो, खिडकीशी पोचतो, साहेब म्हणतो "बिट्टे?", आणि हा, "संपलं? मी अजून तोंड उघडलं नाही!" म्हणत घरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा रांग, पुन्हा "बिट्टे?". तिसऱ्या दिवशी कारागोझच आधी ओरडतो, "बित्ती!" आणि साहेबाला वाटतं, किती नम्र माणूस. यावर जर्मन हसतात कारण त्यांचा रोजचा शब्द पहिल्यांदाच त्यांना परका वाटतो. तुर्की म्हातारे हसतात ते वेगळ्या कारणाने, आणि ते हसणं ऐकून पुढच्या रांगेतले जर्मन मागे वळून बघतात. या वळून बघण्यासाठीच मी प्रयोग करतो म्हणा.

जुन्या नाटकांपैकी 'याझिजी', म्हणजे लेखनिक, मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलंय. त्यात कारागोझ पत्रं लिहून द्यायचं दुकान थाटतो आणि तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं येऊन मजकूर सांगतात. आम्ही पत्रांच्या जागी फॉर्म ठेवले. गिऱ्हाइकं बदलली: नवीन आलेला सीरियन, पोलंडची बाई, दक्षिणेतल्या श्वाबियन बोलीत बोलणारा म्हातारा जर्मन. हा शेवटचा आमचा हुकमी एक्का, कारण त्याची जर्मन कारागोझला काय, उत्तरेतल्या हॅम्बुर्गहून आलेल्या साहेबालाही कळत नाही.

आणि याच नाटकाच्या तालमीत मला हाजिवात नव्याने कळला. तो कारागोझला नोकऱ्या मिळवून देतो, मधल्या मध्ये आपलं कमिशन काढतो, दोन्ही बाजूंची भाषा बोलतो, म्हणून दोन्ही बाजूंकडून शिव्या खातो. मी तालमीतल्या मुलांना विचारलं, तुमच्या ओळखीत असं कोण आहे? एक चौदा वर्षांची मुलगी म्हणाली, "मी." मग बाकीच्यांनीही हात वर केले. आईबरोबर दवाखान्यात कोण जातं? घरमालकाचं पत्र कोण वाचतं? शाळेत पालकसभेत बाईंनी केलेली तक्रार आईला तुर्कीत कोण सांगतं, आणि सांगताना त्यातलं काय गाळतं? ही मुलगी सांगत होती, डॉक्टरांनी आईबद्दल जे सांगितलं ते तिने अर्धंच सांगितलं होतं, कारण पुरं सांगायला तिला तुर्की शब्द येत नव्हता. की आला नाही म्हणून बरं वाटलं, तेही तिला ठरवता येईना. त्या दिवशी आम्ही नवीन प्रवेश लिहिला. त्यात हाजिवात दुभाषा आहे आणि दोन्हीकडे थोडं थोडं खोटं बोलतो. विनोदी आहे. प्रयोगाला त्या मुलीची आई आली होती. हसली, आणि मध्येच हसायची थांबली.

आयोजकांना हे प्रकरण पचत नाही. त्यांना दंतकथा हवी असते, मशीद, सुलतान, शेवटी हलवा. एका शाळेने खेळ सुरू व्हायच्या आधी वीस मिनिटं तुर्की संस्कृतीवर माहिती द्यायला लावली. मुलं इतकी कंटाळली की कारागोझने पहिली थोबाडीत दिली तेव्हाच जागी झाली. आता मी अट घालतो: माहिती नंतर, आणि तीही पडद्यामागे. मुलांना मागे बोलवायचं, दिवा दाखवायचा, काठी हातात द्यायची. कारागोझची टोपी ढकलून खालचं टक्कल दाखवलं की कुठल्याही देशाचं मूल हसतं, ते समजावून सांगावं लागत नाही.

एक दुखरी जागा आहे ती लपवणार नाही. जुन्या संहितांत जातीपातींची, धर्मांची जी नक्कल आहे ती आज जशीच्या तशी करवत नाही. ज्यू भित्रा, अरब बावळट, कुर्द अडमुठा, बायका छचोर. इस्तंबूलच्या कॉफीखान्यात सगळेच एकमेकांवर हसत होते, हे खरं. पण सगळे सारख्या उंचीच्या खुर्चीवर बसून हसत नव्हते. मी परंपरेच्या नावाखाली अरबाचं पात्र बरीच वर्षं होतं तसं ठेवलं. मग 2015 नंतर सीरियन मुलं शिबिरात यायला लागली. त्यातल्या एकाने प्रयोगानंतर सरळ विचारलं, "हा असा का बोलतो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'पूर्वीपासून असंच आहे' हे काही उत्तर नव्हे, ते आपण आपल्याकडेही पुष्कळ ऐकलंय. काही मित्रांनी सगळी पात्रंच काढून टाकली आणि दोन गोडगोड शेजाऱ्यांचा खेळ केला. तो मेला. माझा तोडगा वेगळा आहे. पात्र ठेवायचं, आवाज शक्यतो त्या भाषेच्या माणसाने काढायचा, आणि शेवटचा फटका नेहमी कारागोझला बसायचा. पुरेसा आहे का? नेहमी नाही.

पण त्या सीरियन मुलाचा किस्सा तिथे संपला नाही. पुढच्या वेळी तो वडिलांना घेऊन आला. ते बाहुल्या बघून म्हणाले, हे तर आमचे काराकोझ आणि इवाझ. दमास्कसलाही हाच खेळ आहे. तुर्की कारागोझ युनेस्कोच्या यादीत 2009 मध्ये गेला आणि सीरियातला 2018 मध्ये, तोही तातडीने जपायला हवा अशांच्या यादीत. तसंच एकदा एका ग्रीक आजीने विचारलं, "पाशाचा वाडा कुठाय?" कारण ग्रीक कारागिओझिसमध्ये एका बाजूला त्याची मोडकी झोपडी आणि दुसऱ्या बाजूला वाडा असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पात्रास शहरातल्या मिमारोस या खेळवाल्याने तो खेळ पुरता ग्रीक करून टाकला. मग खेळ कुणाचा यावर आजी आणि माझा तुर्की यार्दाक यांच्यात अशी जुंपली की सभागृह बंद करायची वेळ झाली. दोघंही भांडत होते जर्मनमध्ये, दोघांचीही मोडकी. माझ्या मते सगळ्या हंगामातला तो सर्वोत्तम मुहावेरे.

जर्मन माणसांचाही या खेळाशी जुना संबंध आहे आणि तो त्यांना सांगितला की ते पाहुण्यासारखे बसत नाहीत. हेल्मुट रिट्टर या जर्मन अभ्यासकाने सुलतानाच्या राजवाड्यातल्या नाझिफ बे या खेळवाल्याकडून खेळ तोंडी ऐकून उतरवून घेतले आणि त्याच्या संग्रहाचा पहिला खंड 1924 मध्ये जर्मनीत छापला. पुढचे 1941 आणि 1953 मध्ये आले. आम्ही जे खेळ करतो त्यातले काही एका जर्मनाच्या वहीमुळे हाताशी आहेत.

आता तुमचं मंडळ आणि पिंगुळी.

कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर मंडळींकडे चामड्याच्या बाहुल्या, कळसूत्री आणि चित्रकथी, तिन्ही आहेत. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बऱ्याच मराठी लोकांना हे गाव नकाशावर सापडलं. बाहुल्या घ्यायच्या तर तिथल्या कलाकारांकडून रीतसर मोल देऊन घ्या. इंटरनेटवरचं चित्र छापून प्लास्टिकवर कापू नका. जमलं तर कलाकारालाच बोलवा. पण एक समजून घ्या. पिंगुळीचा खेळ मुख्यतः रामायणातल्या आख्यानांचा, गाण्याचा. त्यात कारागोझसारखी जुगलबंदी मध्यभागी नाही. तेव्हा इथे जन्मलेल्या, मराठी अर्धवट समजणाऱ्या मुलांना सीताहरण दाखवलं तर ती शांत बसतील, आणि शांत बसणं हीच अडचण आहे.

कारागोझ मात्र उसना घेऊ नका. आपल्याकडे त्याचे भाऊबंद आहेत. तमाशातल्या बतावणीतला सोंगाड्या काय करतो? चुकीचं ऐकतो. आणि पिंगुळीच्याच मुलखात, दशावतारात, संकासुर येऊन मालवणीत लोकांची टोपी उडवतो. संकासुराची एक चामड्याची बाहुली करून घ्या आणि त्याला जर्मन कचेरीत पाठवा. शब्द शोधायला फार लांब जावं लागत नाही. जर्मन 'या' म्हणजे हो. आपल्या आजीला साहेब "या, या" म्हणाला तर ती काय करेल? चप्पल काढून काउंटरच्या आत जाईल आणि बसेल. जर्मन 'काल्ट' म्हणजे थंड. बाहेर बर्फ पडतंय, शेजारीण म्हणते "काल्ट!", आजी म्हणते, "कळतं हो, सगळं कळतं, बोलता येत नाही एवढंच." हे मी रचलेलं नाही, आमच्याच इमारतीच्या जिन्यात ऐकलंय. असे शब्द मुलांना गोळा करायला सांगा, एका महिन्यात वही भरेल. मोठ्यांनी लिहून दिलेले संवाद नकोत.

आजी-आजोबा तीन महिन्यांच्या व्हिसावर येतात तेव्हा तालमी ठेवा. त्यांना पहिल्या रांगेत सन्मानाने बसवू नका, पडद्यामागे घ्या. एखादा डफ वाजवेल, एखादी गण म्हणेल. आणि मुलांचं मराठी प्रयोगाच्या वेळी सुधारायचं नाही, ही अट पालकांसाठी. मुलगा 'माझा आई' म्हणाला तर म्हणू दे, संकासुर तसाच बोलतो.

प्रयोग पस्तीस मिनिटांपेक्षा लांबवू नका. पांढरा पातळ सुती कपडा, दीड मीटर रुंद पुरे, नीट ताणलेला. बाहुली पडद्याला चिकटलेली हवी, दोन बोटं मागे आली की चेहरा धुरकट होतो. हॅलोजन दिवा वापरू नका. पहिल्याच वर्षी माझ्या हाजिवातची दाढी त्याने पापडासारखी वळली. एलईडीची पट्टीही नको, प्रत्येक ठिपक्याची वेगळी सावली पडते आणि एका बाहुलीच्या सहा दिसतात. पिवळसर उजेडाचा एकच एलईडी बल्ब, पडद्यामागे थोडा खाली. आणि हिवाळ्यात घरातल्या हीटरने चामडं कोरडं पडून कडा उचलतात. बाहुल्या जाड पुठ्ठ्यांत दाबून, हीटरपासून लांबच्या कपाटात ठेवा. बल्ब घ्यायच्या आधी पडद्याचं माप कळवा, किती वॉटचा लागेल ते सांगतो.